जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल: जाण्याआधी आणि गेल्यावर पडणारे प्रश्न

महाराष्ट्रातून मंगेशीला किंवा कवळ्याच्या शांतादुर्गेला निघालेल्या मंडळींच्या वाटेतच जुनं गोवं लागतं. गाडी थांबते, बॉम जेझू बासिलिकेत जाऊन संत फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची पेटी खालून मान वर करून पाहिली जाते, बाहेर शहाळं पिऊन होतं आणि कुणीतरी घड्याळ दाखवतं. रस्त्यापलीकडचं भलंमोठं पांढरं से कॅथेड्रल गाडीतूनच बघितलं जातं. खरं तर दर्शनाला निघालेल्या माणसानं थांबायचं ठिकाण तेच आहे. का, ते पुढे येईलच. आधी व्यवहाराचे प्रश्न.

नक्की कुठे आहे? कसं जायचं?

पणजीच्या पूर्वेला साधारण १० किलोमीटरवर, मांडवीच्या काठी. पणजीच्या कदंब बसस्थानकावरून जुन्या गोव्याच्या बस सतत सुटतात, फोंड्याच्या बऱ्याच बसही इथूनच जातात. कोकण रेल्वेनं येत असाल तर सर्वांत जवळचं स्टेशन करमळी. मात्र मुंबईहून येणाऱ्या सगळ्याच गाड्या तिथं थांबत नाहीत, तिकीट काढताना बघून घ्या. नाहीतर थिवी किंवा मडगावला उतरून उलटं यावं लागेल. या गावच्या पंचायतीच्या नावातही 'से' आहे: से-जुने गोवे.

तिकीट आहे का?

नाही. वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही आहे, पण हे चालू चर्च आहे. आत जायला पैसे लागत नाहीत.

कधी जावं?

सकाळी. कॅथेड्रलचं तोंड पूर्वेला आहे, म्हणून दर्शनी भिंतीवर ऊन सकाळी पडतं. दुपारनंतर समोरून काढलेल्या फोटोत पांढरी भिंत करडी येते आणि मागचं आभाळ भगभगीत. शिवाय दहा-साडेदहानंतर सहलीच्या बस लागायला सुरुवात होते.

रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक प्रार्थना असते, त्या वेळात निव्वळ बघायला म्हणून जाऊ नका. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ३ डिसेंबरपर्यंत सायबाच्या फेस्ताची, म्हणजे सणाची, गर्दी असते. गोव्यात झेवियर यांना 'गोंयचो सायब' म्हणतात, आणि त्या दिवसांत सगळ्या गोव्याची पावलं इकडे वळतात. गर्दी आवडत असेल तर तेव्हाच या. निवांत बघायचं असेल तर पावसाळा उत्तम. कुणी सुचवत नाही, पण हिरव्या मैदानापलीकडे ती पांढरी भिंत जुलैत जशी दिसते तशी डिसेंबरात दिसत नाही.

चपला बाहेर काढायच्या का?

नाही. आपल्याकडची मंडळी सवयीनं दारातच थबकतात. चर्चमध्ये पादत्राणं चालतात, टोपी मात्र काढायची. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. समुद्रावरून थेट आलेल्यांना दारातून परत फिरावं लागू शकतं.

मिस्सा चालू असताना आत गेलो तर काय करायचं?

मागच्या बाकावर बसा, लोक उभे राहिले की उभे राहा. गुडघे टेकणं तुमच्यावर बंधनकारक नाही. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. मिस्साच्या शेवटाकडे लोक रांगेनं पुढे जाऊन पाद्रींकडून पांढरी पातळ चकती घेतात. आपल्याला तो प्रसाद वाटतो आणि प्रसादाला नाही कसं म्हणायचं म्हणून काही जण भक्तिभावानं रांगेत उभे राहतात. ते करू नका. कॅथलिक श्रद्धेनुसार ती चकती प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर असते आणि ती फक्त दीक्षा झालेल्या कॅथलिकांनीच घ्यायची असते. आपण जागेवर बसून राहिलो तर कुणालाही काही वाटत नाही.

कॅथेड्रल आणि चर्च यांत फरक काय? समोरची बासिलिका मग काय?

ज्या चर्चमध्ये बिशपचं, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखाचं, आसन असतं ते कॅथेड्रल. 'से' हा त्या आसनासाठीचाच पोर्तुगीज शब्द. बासिलिका हा पोपनं एखाद्या चर्चला दिलेला मान आहे, तिथं बिशपचं आसन असायलाच हवं असं नाही. म्हणजे गर्दी बॉम जेझूला असली तरी अधिकाराची जागा इकडे आहे.

हा अधिकार एकेकाळी केवढा होता याची कल्पना आज येत नाही. १५३४ मध्ये गोव्याला बिशपची गादी मिळाली आणि पंचवीसेक वर्षांत ती आर्चबिशपची झाली. आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून जपानपर्यंत पोर्तुगिजांच्या वाटेवर जिथं जिथं चर्च उभं राहिलं, ते सुरुवातीला या गादीच्या छायेत आलं. त्यात आपले चौल, वसई आणि मुंबईही आली. गोव्याच्या आर्चबिशपांना १८८६ पासून 'पूर्व इंडीजचे पॅट्रिआर्क' असा किताब आहे. सध्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव २०२२ मध्ये कार्डिनल झाले. निवास पणजीला आल्तिन्यावर, आसन मात्र अजून इथंच.

कॅथेड्रल सेंट कॅथरिनच्याच नावाचं का? तिचा गोव्याशी काय संबंध?

केवळ तारखेचा. पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकेर्कनं १५१० च्या सुरुवातीला गोवा घेतला, काही महिन्यांतच आदिलशाही सैन्यानं तो परत जिंकला आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला आल्बुकेर्कनं तो पुन्हा घेतला. त्यानंतर शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली. २५ नोव्हेंबर हा अलेक्झांड्रियाच्या सेंट कॅथरिनचा सण, म्हणून विजय तिच्या नावावर मांडला गेला आणि ती शहराची रक्षक ठरली.

परंपरेनं सांगितलेली तिची कथा अशी: चौथ्या शतकातली ही विदुषी तरुणी. सम्राटानं पाठवलेल्या पंडितांना तिनं वादात हरवलं. मग तिला काटेरी चाकावर बांधून मारायचं ठरलं, तर चाकच मोडलं, आणि शेवटी तिचा शिरच्छेद झाला. हे चाक पोर्तुगीज गोव्याच्या राजचिन्हातही होतं. कॅथेड्रलमध्ये शिरलात की समोरच्या सोनेरी भिंतीत तिचीच गोष्ट कोरलेली दिसेल.

बांधलं कुणी आणि कधी?

आज दिसणाऱ्या वास्तूचं काम १५६२ मध्ये सुरू झालं. तेव्हा पोर्तुगालचा राजा होता दों सेबास्तियांव, वय आठ वर्षं. हा राजा पुढे १५७८ मध्ये मोरोक्कोच्या लढाईत मारला गेला, दोन वर्षांत पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे गेली आणि पुढची साठ वर्षं तिकडेच राहिली. त्यामुळे एका राजवटीनं पाया घातला आणि दुसरीच्या काळात छत चढलं. मुख्य काम संपलं १६१९ मध्ये, विधिवत अभिषेक झाला १६४० मध्ये, आतली आल्तारं, म्हणजे पूजेच्या वेदी, पुरी व्हायला १६५२ उजाडलं. नव्वद वर्षं. आपल्याकडचे उड्डाणपूल आठवून कुणी हसू नये.

काम डॉमिनिकन संघाच्या पाद्रींसाठी सुरू झालं आणि पैसा राजाच्या तिजोरीतून आला. म्हणजे हे एखाद्या गावानं वर्गणी काढून बांधलेलं देऊळघर नव्हे. हे सरकारी बांधकाम आहे आणि ते तसंच दिसतं. लांबी सुमारे ७६ मीटर, रुंदी सुमारे ५५ मीटर, दर्शनी भिंतीची उंची ३५ मीटर. बाहेरून टस्कन शैलीचं, जवळजवळ नक्षी नसलेलं, कडक. आत कॉरिंथियन खांब आणि सोनं. मांडवीतून जहाजानं वर येणाऱ्या व्यापाऱ्याला आणि सरदाराला इथं कुणाचं राज्य आहे हे बघताक्षणी कळावं, एवढाच या वास्तूचा पहिला उद्देश असावा असं समोर उभं राहिल्यावर वाटतं. प्रार्थना दुसऱ्या क्रमांकावर.

एका बाजूचा मनोरा कुठे गेला?

पडला. १७७६ मध्ये. वीज पडून कोसळला असंच सगळीकडे सांगितलं जातं. समोर उभे राहिलात तर डावीकडचा, म्हणजे दक्षिणेचा मनोरा शिल्लक आहे आणि उजवीकडे, उत्तरेला, मोकळं आकाश.

खरा प्रश्न तो पुन्हा का बांधला नाही हा आहे. कारण तोवर शहरच उरलं नव्हतं. १७७६ मध्ये इथं मनोरा बांधण्याइतका पैसाही नव्हता आणि तो बघायला माणसंही नव्हती. पुनर्बांधणी झाली नाही हे बरंच झालं असं माझं मत आहे. दोन मनोऱ्यांच्या वास्तूनं आपल्याला फक्त वैभव सांगितलं असतं. एका मनोऱ्याची ही वास्तू उतारही सांगते.

'सोन्याची घंटा' खरंच सोन्याची आहे?

नाही. तिच्या भरदार नादावरून 'सीनु द ओरु', सोन्याची घंटा, हे नाव पडलं. उरलेल्या मनोऱ्यात ती आहे. गोव्यातली ही सर्वांत मोठी घंटा, १६५२ मध्ये कुंकळ्ळीला ओतलेली.

कुंकळ्ळी हे नाव वाचून पुढे जाऊ नका. जुलै १५८३ मध्ये याच कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी जेझुइट संघाच्या पाच पाद्रींना ठार केलं, कारण देवळं पाडून झाल्यावर आता चर्चसाठी जागा शोधायला ते आले होते. पोर्तुगिजांनी मग गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथंच कापून काढलं. सत्तर वर्षांनी त्याच गावात ही घंटा ओतली गेली. मनोऱ्याखाली उभं राहून बहुतेक वाटाडे नादाबद्दल बोलतात, गावाबद्दल नाही.

जाता जाता: पोर्तुगीज घंटा महाराष्ट्रातही आहेत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळ मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत.

हे पांढरं आणि बॉम जेझू तांबडं, असं का?

दगड दोन्हींचा एकच, जांभा. जांभा सच्छिद्र असतो, कोकणातल्या पावसात उघडा ठेवला तर पाणी पितो आणि झिजतो. म्हणून पूर्वी प्रत्येक चर्चला चुन्याचा गिलावा असे. बॉम जेझूसुद्धा पांढरंच होतं. १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुविशारदानं 'जुनेपणा' दिसावा म्हणून त्याचा गिलावा काढून टाकला. आज पर्यटकांना ते तांबडं रूप आवडतं, तेच खरं वाटतं. पण उघडा जांभा दर पावसात थोडा थोडा जातो आहे आणि पुन्हा गिलावा करावा की नाही यावर गोव्यात वाद चालू आहे. से कॅथेड्रलचा पांढरा रंग अनेकांना नुकताच चुना मारल्यासारखा वाटतो. जुन्या पद्धतीचं रूप खरं तर हेच आहे.

आत काय काय बघायचं?

आधी दारातच जरा थांबा, बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो.

उजव्या हाताला दगडी बाप्तिस्म्याचं कुंड आहे. ते १५३२ चं, म्हणजे आजच्या इमारतीहून तीस वर्षं जुनं, आधीच्या चर्चमधलं. झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले, त्यांनी याच कुंडातल्या पाण्यानं हजारोंना दीक्षा दिली अशी परंपरा आहे. या पूर्ण वास्तूतली माझ्या मते सर्वांत बोलकी वस्तू हीच, आणि लोक तिच्या शेजारून निघून जातात कारण समोर सोनं दिसत असतं.

मग मधल्या मार्गानं सरळ पुढे. वर कमानदार छत, दोन्ही बाजूंना चार-चार कपेलं, म्हणजे छोटी प्रार्थनास्थळं. मुख्य आल्तारामागची लाकडी कोरीव भिंत सोन्याच्या वर्खानं मढवलेली आहे आणि तिच्यात सेंट कॅथरिनच्या छळाचे आणि मरणाचे सहा मोठे प्रसंग आहेत. काटेरी चाक शोधा, सापडलं की बाकीची गोष्ट आपोआप जुळते. खांबांवर, कडांवर वेली, पानं, फळं यांची दाटी आहे. आराखडे आणि विषय युरोपातून आले, पण छिन्नी धरणारे हात इथल्या कारागिरांचे होते. देवळाच्या लाकडी मंडपात वाढलेल्या माणसाला ती दाटी अनोळखी वाटत नाही.

दोन कपेलं चुकवू नका. एक पवित्र संस्काराचं, त्याच्या जाळीदार लाकडी पडद्यासाठी. दुसरं चमत्काराच्या क्रुसाचं. १६१९ मध्ये जवळच्या एका टेकडीवरच्या साध्या लाकडी क्रुसावर ख्रिस्ताचं दर्शन झालं आणि तो क्रूस वाढत गेला अशी श्रद्धा आहे. तो नंतर इथं आणला. आता तो झाकलेला असतो, स्पर्शासाठी एक भोक ठेवलं आहे. लोक बोट लावतात, डोळ्याला लावतात, नवस बोलतात. त्यांत कुंकू लावलेल्या बायकाही असतात.

समोरच्या मैदानात काय होतं?

हा प्रश्न विचारणारे कमी, पण विचारायलाच हवा. कॅथेड्रलसमोरच्या या मोठ्या चौकाला पोर्तुगीज 'तेरैरु दु साबायु' म्हणत. साबायु म्हणजे त्यांच्या तोंडी आदिलशहा. चौकाच्या कडेला आदिलशहाचा वाडा होता. आधी त्यात पोर्तुगीज गव्हर्नर राहिले आणि १५६० पासून तो इन्क्विझिशनचा वाडा झाला. धर्माची चौकशी करणारं हे न्यायालय, त्याची कचेरी आणि तुरुंग, सगळं कॅथेड्रलच्या दारातून दिसेल अशा अंतरावर.

इन्क्विझिशन १५६० ते १८१२ चाललं, मधली १७७४ ते १७७८ ही चार वर्षं सोडून. या काळात १६,००० हून अधिक लोकांवर खटले झाले. आरोपी बहुतेक ख्रिस्ती झालेलेच होते: पोर्तुगालहून आलेले बाटलेले ज्यू, आणि पुढे मोठ्या संख्येनं बाटूनही जुने रीतिरिवाज न सोडणारे गोंयकार. घरात तुळस लावणं, भात मिठाशिवाय शिजवणं, लग्नात जुन्या पद्धतीची गाणी म्हणणं यांवर बंदी घालणारा हुकूम १७३६ चा. शिक्षा जाहीर करण्याचे समारंभ मोठ्या मिरवणुकीनं होत आणि त्या दिवशी याच मनोऱ्यातली घंटा वाजे असं सांगतात. शार्ल देलाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं या तुरुंगात दिवस काढले आणि सुटल्यावर ते सगळं लिहिलं, त्यामुळे युरोपला आतली हकीकत कळली.

वाडा १९ व्या शतकात पाडला गेला. आज तिथं गवत आहे, सहलीची मुलं डबा खातात. ठळक असा फलक नाही, आणि असायला हवा असं मला वाटतं.

जवळच फोंड्याच्या रस्त्याकडे काळ्या दगडाचा एक एकटा खांब आहे. स्थानिक लोक त्याला 'हातकातरो खांब' म्हणतात. तो मुळात देवळाचा खांब, पोर्तुगिजांनी गुन्हेगार बांधायला वापरला.

मंगेशीला जाणाऱ्यानं इथं का थांबावं?

कारण कॅथेड्रलचा पाया आणि मंगेशाचं स्थलांतर, दोन्ही गोष्टी त्याच दोन वर्षांतल्या आहेत. तारखा शेजारी ठेवून पाहा. १५६०: इन्क्विझिशन सुरू. १५६०: कुठ्ठाळीचा मंगेश भक्तांनी रातोरात नदीपार प्रियोळला हलवला. १५६२: से कॅथेड्रलचा पाया. केळशीची शांतादुर्गा त्याच दशकात कवळ्याला गेली. फोंड्याचा म्हणजे अंत्रुजचा हा भाग तेव्हा पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर होता, म्हणून देव तिकडे गेले. देवांबरोबर माणसंही गेली. काही फोंड्याला, काही सावंतवाडी-मालवणकडे, काही कारवार आणि मंगळूरला. आज मुंबई-पुण्यात 'आमचं कुलदैवत गोव्याला' म्हणणाऱ्या कित्येक घरांची वाट या एका दशकातून निघते.

तेव्हा कॅथेड्रल आणि मंगेशीचं देऊळ हे सहलीतले दोन वेगळे थांबे नाहीत. देऊळ आज जिथं आहे तिथं का आहे, याचं उत्तर या पांढऱ्या भिंतीपाशी मिळतं. गंमत अशी की मंगेशी आणि शांतादुर्गेची देवळं पुढे १८ व्या शतकात मोठी बांधली गेली तेव्हा त्यांच्या कमानी, घुमट, झुंबरं, दीपमाळेचे मजले यांत चर्चचीच छाया उतरली. पळवून लावणाऱ्याची वास्तुकला पळून गेलेल्या देवानं घेतली.

मराठ्यांनी जुनं गोवं घेतलं होतं का?

घेतलं नाही, पण एकदा अगदी दारात आले होते. नोव्हेंबर १६८३ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयनं फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. संभाजी महाराज स्वतः धावून आले, वेढा मोडला, व्हाइसरॉय जुन्या गोव्याला परतला. २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी शहराच्या उत्तरेला नदीतलं जुवे बेट घेतलं. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय ते परत घ्यायला गेला आणि जेमतेम जीव वाचवून आला. तो दिवस २५ नोव्हेंबर, सेंट कॅथरिनचा सण, शहर जिंकल्याचा वाढदिवस.

मग व्हाइसरॉयनं एक विलक्षण गोष्ट केली. बॉम जेझूत जाऊन त्यानं झेवियर यांची शवपेटी उघडवली, आपला अधिकारदंड आणि राजाची पत्रं त्या मृतदेहाच्या हाती ठेवली आणि आता राज्य तुम्हीच सांभाळा अशी प्रार्थना केली. थोड्याच दिवसांत औरंगजेबाचा मुलगा शाहआलम याच्या हाताखाली मोगलांची मोठी फौज कोकणात उतरल्याची खबर आली आणि संभाजी महाराजांना मागे फिरावं लागलं. श्रद्धाळू याला संताची कृपा म्हणतात, इतिहास औरंगजेबाची म्हणतो. नवा गव्हर्नर त्या थडग्याशी येऊन अधिकारदंड घेतो अशी प्रथा मात्र पुढे दीर्घकाळ राहिली.

एवढं मोठं शहर गेलं कुठे?

'ज्यानं गोवा पाहिला त्यानं लिस्बन पाहिलं नाही तरी चालेल' अशी पोर्तुगीज म्हण ज्या शहराबद्दल होती ते हेच. ते मारलं रोगराईनं. हिवताप, पटकी, साथीमागून साथ; सच्छिद्र जमिनीत सांडपाणी विहिरीत मुरायचं. त्यात डच नाकेबंदीनं व्यापार खाल्ला. व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीला राहायला गेला, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. वाडे पाडून त्यांचे दगडही पणजीला गेले. १८३० च्या दशकात पोर्तुगालनं धर्मसंघांवर बंदी घातल्यावर मठ ओस पडले. सेंट ऑगस्टिनच्या भव्य चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं, आज एक ४६ मीटरचा मोडका मनोरा उरला आहे. आर्चबिशपचं आसन असल्यानं से कॅथेड्रल वाचलं.

झेवियर यांचं शव इथं बघायला मिळतं का?

एरवी नाही, ते बॉम जेझूत असतं. दर दहा वर्षांनी होणाऱ्या सार्वजनिक दर्शनाच्या वेळी ते मिरवणुकीनं से कॅथेड्रलमध्ये आणतात. मागचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं झालं. पुढचं २०३४ च्या सुमारास.

आशियातलं सर्वांत मोठं चर्च हेच का?

सर्वांत मोठ्यांपैकी एक. वाटाडे 'आशियात नंबर एक' सांगतात, ऐकून घ्या.

फोटो काढता येतात का?

आत लावलेल्या सूचना वाचा आणि त्यांप्रमाणे वागा. फ्लॅश नको, आल्तारापुढे पाठ करून पोझ देणं तर नकोच.

आसपास आणखी काय? किती वेळ ठेवावा?

अर्धा दिवस ठेवा. कॅथेड्रलच्या मागे पश्चिमेला सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च, त्याच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय. ते शुक्रवारी बंद असतं. तिथं पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांच्या तसबिरींची रांग आहे, आणि जुन्या कदंब राजांच्या काळातली हिंदू शिल्पंही. दोन्ही एकाच छताखाली. पूर्वेला नदीकडे जाताना सेंट कॅजेटनचं घुमटाचं चर्च, रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवरचं. त्याच्याजवळ आदिलशहाच्याच आणखी एका वाड्याच्या दाराची काळ्या दगडाची चौकट उभी आहे, त्या वाड्याचं एवढंच उरलं. खाली व्हाइसरॉयची कमान. लिस्बनहून येणारा प्रत्येक नवा अधिकारी या कमानीतून शहरात शिरायचा.

कमानीच्या पुढे फेरीबोटीचा धक्का आहे. फेरी दिवाडी बेटावर सोडते. कदंबांचा सप्तकोटेश्वर मुळात या बेटावरचा. पोर्तुगिजांनी देऊळ पाडल्यावर लिंग नदीपार डिचोलीतल्या नार्व्याला नेलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ बांधवून घेतलं, दारावर तसा शिलालेख आहे. बेटाच्या पलीकडच्या टोकाहून नार्व्याला जाणारी दुसरी फेरी मिळते. दोन्ही फेऱ्यांत गाडी चढवता येते, पण संध्याकाळी परतायची शेवटची वेळ धक्क्यावर आधी विचारून ठेवा.